उपरण्याच्या घडीतली नावं

तांडापेठेच्या चौकातला नानाजी बारापात्रेंचा पुतळा चाळीस पावसाळ्यांत हिरवा पडला होता. विणकरांची सोसायटी काढणारा हा माणूस गेला, तेव्हा पेठेतल्या बायांनी आपापल्या काशाच्या थाळ्या दिल्या आणि त्या वितळवून पुतळा ओतला गेला. यंदा नानाजींची शताब्दी. १९७८च्या मे महिन्यात उत्सव समितीने सफाईचं काम सिंधू निखारेला दिलं.

"एमएस्सी केमिस्ट्री झाली, अन् भांडी घासून राहिली काय वं?" समोरच्या टपरीवरून चहावाला नत्थूजी ओरडला.

"मोठं भांडं आहे, काका," सिंधू शिडीवरून म्हणाली.

तिला काम आवडलं होतं. कासं म्हणजे तांबं आणि कथील. ओलाव्याने त्यावर हिरवा थर चढतो आणि तो आधी घड्यांत धरतो. म्हणून तिने खांद्यावरच्या उपरण्याच्या घडीपासून सुरुवात केली. थर सुटला तशी खाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं दिसली, भांड्यावर नाव घालतात तशी. मैनाबाई.

वितळलेल्या धातूत अक्षर टिकत नाही. ओतल्यानंतर कोणीतरी घातलं असेल, असं तिने ठरवलं आणि खाली उतरून नत्थूजीला विचारलं.

"मैनाबाई? मागच्या गल्लीतली. तिचीही थाळी होती ना याच्यात." त्याने कप पुसता पुसता वर पाहिलं. "आज सकाळीच गेली बिचारी. तुले कोणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी त्याच घडीत, तिने लख्ख केलेल्या जागी, दुसरं नाव होतं. अंजनाबाई. सिंधूने बोट फिरवलं. ठिपके धारदार होते, कडांना धातूचे बारीक कण चिकटले होते. उन्हाने लोखंडी शिडी हातात धरवत नव्हती. पुतळा मात्र गार होता.

दुपारी चौकातून तिरडी गेली. नत्थूजीने रेडिओ बंद केला. "अंजनाबाई," तो हलक्या आवाजात म्हणाला. सिंधूने काहीच विचारलं नव्हतं.

घरी आई टायफॉइडने आठवडाभर अंथरुणाला खिळली होती. कपाळावर ओली पट्टी ठेवताना सिंधूने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तू दिली होती काय वं थाळी?"

"दिली ना. लग्नातली होती. नाव होतं तिच्यावर माझं." आईने हात उलटा करून मनगटाजवळचं गोंदण दाखवलं. "हे असंच. रुख्माबाई."

सकाळी सिंधू चहा न घेताच निघाली.

घडीत 'रु' उमटला होता. तिच्या डोळ्यांदेखत पुढचा ठिपका पडला.

टक्.

कोणाचा हात नव्हता, हातोडी नव्हती. तिने एमरी पेपर काढला आणि घासायला लागली.

"काहून एवढी घासून राहिली वं?" खालून नत्थूजी ओरडला. "भोक पाडतं काय नानाजींले?"

टक्.

तिने अंगातला सगळा जोर लावला. एकाच दिशेने, आडवं. कासं पिवळं निघालं. बोटांची सालं गेली.

टक्... आणि मग काही नाही. जागा गुळगुळीत झाली होती.

ती घरी पळत आली. आई पाटावर बसून भात खात होती. शेजारची इंदूबाई दारात उभी होती.

"ताप उतरला वं तुझ्या मायचा. पण मघापासून रुख्मा, रुख्मा हाका मारून राहिली मी. पाहातच नाही."

"आई?"

"आली काय वं?" आई हसली. "हे बाई कोणाले हाका मारून राहिली? कोण रुख्मा?"

सिंधूने तिचा हात हातात घेतला. गार लागला. गोंदणाच्या जागी बारीक रेघा होत्या, सगळ्या आडव्या, एकाच दिशेने. रेघांखाली पिवळी चकाकी.

आणि कोपराच्या घडीत, थोडासाच, हिरवा थर.