अठ्ठावन्न ग्रॅम

ट्रेवर अठ्ठेचाळीस बिस्किटं होती, आठ-आठच्या सहा ओळींत. शेजारी पाण्याचे दोन पेले, थुंकायचा एक पेला, टोक केलेल्या दोन पेन्सिली आणि एक गुणपत्रक. थुंकायचा पेला कोरडा होता. खोलीला दार एकच, आणि त्या दारात एक तरुण उभा होता. त्याच्या एका हातात पितळी वजनांची लाकडी पेटी होती आणि दुसऱ्या हातात चष्मा, कारण भट्टीकडच्या वाफेनं काचा पार धुरकटून गेल्या होत्या.

त्यानं विचारलं, मॅडम, तपासायचा काटा याच खोलीत आहे का? त्यानं ते कोपऱ्यातल्या कपाटाला विचारलं होतं.

"मॅडम इकडे आहेत," ती म्हणाली. "ते कपाट आहे."

त्यानं चष्मा शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला, तिच्याकडे पाहिलं... आणि मग जरा जास्तच वेळ पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "कपाटाची चूक नाही."

बिस्किटांच्या त्या कारखान्यात ती तीन वर्षं चाखण्याचं काम करत होती. शिक्षण हवामानशास्त्राचं आणि नोकरी जिभेची. रोज चार घाण्यांचे नमुने येत. कुरकुरीतपणा, गोडी, मीठ, करपटपणा आणि घशात मागं राहणारी चव असे पाच गुण द्यायचे. शेवटच्या गुणासाठी घास गिळावा लागतो, असं तिचं मत होतं. आठवड्यातून एक दिवस निवृत्तीला आलेले एक काका तिच्या जागी चाखत, आणि ते सगळं थुंकून टाकत. घशाची चव ते अनुभवावर लिहितात, असं ती म्हणायची. काका म्हणायचे, पोरी, तुझा घसा अजून तरुण आहे, चालू दे.

तो तरुण वजनकाटे दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला काटेवालाच म्हणत. त्याला बोलावण्याचं कारण साधं होतं. नमुन्यांचा ट्रे सकाळी गोदामातून वजन करून येई आणि संध्याकाळी उरलेले तुकडे थुंकलेल्या चोथ्यासकट वजन करून टाकून दिले जात. या दोन आकड्यांत रोज मोठा फरक पडत होता. गोदामवाल्यांच्या मते काटा बिघडला होता. काटेवाल्यानं तो तपासला, तर काटा चोख निघाला. गोदामवाल्यांना ते पटेना, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी त्याची फेरी होऊ लागली. चौथ्या फेरीपर्यंत त्याची स्वतःची तक्रार पूर्ण मावळली होती.

दुपारी ती माल चढवायच्या धक्क्यावर एकटी जेवायची. डब्यात दोन उकडलेली अंडी, काकडी, चीजचा तुकडा आणि मोजून बारा बदाम असत. पाव, बटाटा, साखर, सगळं बंद. एकदा तो तिथं येऊन बसला आणि त्यानं आपला पाव-लोण्याचा डबा उघडला. तिची नजर पावावर गेली, थांबली, परत काकडीवर आली. तो उठला आणि तिच्याकडे पाठ करून बसला. त्या दिवसापासून तो फेरीला आला की पाठमोरा बसूनच जेवायचा. दोघं असे एकमेकांच्या पाठीशी बोलत, आणि जाणारे-येणारे त्यांचं भांडण झालंय असं समजत.

तिनं त्याला सगळं सांगितलं ते असंच, समोरच्या भिंतीकडे बघत. समुद्रात एक बेट होतं, बेटावर वेधशाळा होती आणि वेधशाळेत तीन माणसं. तिथं धक्का नाही, सरळ उभा कडा आहे. बोटीतून माणसाला पाळण्यात बसवून हातानं फिरवायच्या यारीनं वर ओढून घेतात. तो पाळणा सामानासकट नव्वद किलो पेलतो. सामानाचे बारा वजा केले की माणसाला अठ्ठ्याहत्तर उरतात. तिथली जागा तीन वर्षांतून एकदा भरत. मागच्या खेपेला ती परीक्षेत पहिली आली होती आणि वजनात बाद झाली होती. या खेपेनंतर वयाची अट आड येणार होती.

"म्हणजे जे काय ते आत्ताच," ती म्हणाली.

तिनं शहाऐंशी किलोपासून सुरुवात केली होती. पहिल्या महिन्यात वजन भराभर एक्क्याऐंशीवर आलं आणि तिथं जे बसलं ते बसलं. वहिनी म्हणायची, रुसलेल्या जावयासारखं बसलंय गं, आता मानपान केल्याशिवाय उठायचं नाही. पाच आठवड्यांचे आकडे तिला पाठ होते: ८१.२, ८१.०, ८१.३, ८१.१, ८१.०. दिवसाला तीस ग्रॅम कर्बोदकं एवढी तिची मर्यादा होती आणि वहीत तिनं खोकल्याच्या औषधाचा चमचासुद्धा लिहिला होता. चीज कमी करून झालं. सकाळी दीड तास चालून झालं. वजन ढिम्म.

"आणि बेटावर किती दिवस राहायचं?" त्यानं पाठीमागून विचारलं.

"चौदा महिने."

त्याचं चावणं थांबलं. ते पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला. हे तिच्या लक्षात आलं, पण त्यावरून तिनं काही अनुमान काढलं नाही. एका निरीक्षणावरून काढू नये, असं ती शिकली होती.

वैद्यकीय तपासणीला सात आठवडे उरले तेव्हा तिनं अर्ज मागं घेण्याचं पत्र लिहिलं. तीन किलो उतरवायचे होते आणि पाच आठवड्यांत जेमतेम दोनशे ग्रॅम हलले होते. गणित सरळ होतं. दुपारी धक्क्यावर तिनं ते पाकीट त्याला दाखवलं आणि जाता जाता पेटीत टाकेन म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता आणि पाकिटाच्या कोपऱ्यावर त्याचे तीन थेंब पडले.

तो वळला. इतक्या दिवसांत जेवताना पहिल्यांदाच.

"टाकू नका," तो म्हणाला. "तुम्ही वहीत सगळं लिहिता ना? मग ट्रे कुठे लिहिता?"

"ट्रे? ते काम आहे."

"सकाळी ट्रे चारशे ऐंशी ग्रॅमचा असतो. संध्याकाळी उरतात चारशे बावीस. काकांच्या दिवशी मात्र फरक जवळजवळ पडत नाही." त्यानं घसा खाकरला. "काटा चोख आहे, मॅडम. अठ्ठावन्न ग्रॅम तुम्ही खाता... रोज."

त्या बिस्किटात शंभराला बहात्तर ग्रॅम कर्बोदकं होती. पुड्यावरचा तो आकडा तिनंच तपासून सही केली होती. अठ्ठावन्नाला बेचाळीस होतात. मर्यादा तीसची आणि त्यावर बेचाळीस, आठवड्यातले पाच दिवस. तिनं वही उघडली. खोकल्याचं औषध होतं, लिंबाची फोड होती, दात घासायची पेस्टसुद्धा होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो प्रकार. इथं तर कळसा तोंडातच होता.

मग तिनं एक वेगळाच प्रश्न विचारला.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

तो चष्मा पुसू लागला. चष्मा स्वच्छ होता.

"आठ दिवस झाले."

"कामाचे?"

"कामाचे."

"आणि आठ दिवस तुम्ही..."

"मूग गिळून बसलो."

"मुगात शंभराला साठ ग्रॅम कर्बोदकं असतात," ती म्हणाली. पण ती हसली नाही. "का?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस," तो म्हणाला. "आता सांगितलंय... तर जाशील."

तो मॅडमवरून एकदम 'तू'वर आला होता. ते त्याला कळलं नव्हतं, तिला कळलं होतं. तिनं मनात हिशोब केला. अठ्ठावन्न ग्रॅम म्हणजे तीनशेच्या आसपास कॅलरी, गुणिले आठ, भागिले किलोभर चरबीच्या कॅलरी.

"तीनशे ग्रॅम," ती म्हणाली. "माझे तीनशे ग्रॅम गेलेत तुझ्यामुळे."

पाकीट तिनं फाडलं आणि तुकडे डब्यात भरून ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून थुंकायचा पेला कोरडा राहिला नाही. घशात मागं राहणारी चव ती अनुभवावर लिहू लागली आणि काकांनी तिचं अभिनंदन केलं. आठवड्याअखेर वजन ८०.४ झालं. वहिनीनं जाहीर केलं की जावईबापू उठले. गोदामाचा फरक मिटला, त्यामुळे काटेवाल्याचं येणंही थांबलं. तिनं त्याच्याशी अबोला धरला होता, पण ज्याच्याशी अबोला धरायचा तो माणूस समोरच नसेल तर अबोला धरलाय हे त्याला कळणार कसं, ही अडचण सहाव्या दिवशी तिच्या ध्यानात आली.

दहाव्या दिवशी तिमाही तपासणी होती. काटे तपासायला भलताच माणूस आला. प्रौढ, कामसू, निरुपद्रवी. दुपारी तो धक्क्यावर तिच्या शेजारी बसला, डबा उघडला आणि तिच्याकडे तोंड करून त्यानं दोन पाव खाल्ले, वर मुरांबा.

संध्याकाळी तिनं दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता शोधला. अरुंद जिना होता, वर खोली, खोलीत भिंतभर उघडे पडलेले काटे आणि त्यांच्या मधोमध तो. हातात चिमटा, कपाळावर चष्मा. तिला बघून तो उठला आणि त्याच्या कोपरानं तेलाची बाटली आडवी झाली.

तिनं सांगितलं की राग सहा दिवस टिकला. पुढचे चार दिवस जे होतं ते राग नव्हतं. तिनं तपासून पाहिलं होतं.

"मग काय होतं?" त्यानं विचारलं.

"आज एक माणूस माझ्याकडे तोंड करून जेवला," ती म्हणाली. "मला ते आवडलं नाही."

तेल टेबलाच्या कडेवरून ठिबकत होतं. दोघांपैकी कुणीही बाटली उचलली नाही.

उरलेले आठवडे ते रोज संध्याकाळी नदीच्या पुलापर्यंत चालत जात आणि परत येत. तिकडे जाताना ती बेटाबद्दल बोले: सकाळ-संध्याकाळ सोडायचे फुगे, वाऱ्याचा वेग, सहा आठवड्यांनी येणारी बोट. येताना दोघं फारसं बोलत नसत. एकदा त्यानं विचारलं, बोटीतून पत्रं नेतात का? तिनं सांगितलं, पोतं भरून नेतात, आणि पत्रांच्या वजनाला मर्यादा नाही. वजन आठवड्याला चारशे ग्रॅमच्या बेतानं उतरत होतं. शेवटच्या आठवड्यात घरच्या काट्यावर ते अठ्ठ्याहत्तरच्या आगेमागे घुटमळू लागलं, आणि घरचा काटा कधी इकडे, कधी तिकडे दोनशे ग्रॅमचा खोटेपणा करतो हे त्यानंच तिला सांगितलं होतं. खरा आकडा कुणालाच माहीत नव्हता.

तपासणीच्या सकाळी तो तिच्याबरोबर गेला आणि खोलीच्या दारात थांबला. काटा जुना होता, उंच दांड्याचा, सरकत्या वजनांचा. नियम एकच. एकदा मोजायचं, लिहायचं, सही. ती चपला काढून पाटावर चढली. परिचारिकेनं मोठं वजन सरकवलं, मग छोटं. दांडी हलली, डुलली, स्थिर झाली.

"अठ्ठ्याहत्तर पॉइंट तीन," परिचारिका म्हणाली आणि तिनं पेन उचललं.

तीनशे ग्रॅम जास्त. ती दाराकडे वळून पाहणार नव्हती, पण तिनं पाहिलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो काट्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला एवढं कळलं की त्याला काहीतरी कळलंय. आता नुसतं गप्प राहिलं की चौदा महिने त्याचे होते. पेनाचं टोक कागदापाशी आलं.

"सिस्टर, लिहू नका," तो म्हणाला. "त्यांना उतरू दे. आधी रिकामा काटा बघा."

परिचारिकेनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि आपण डॉक्टर का, असं विचारलं.

"काटेवाला."

"आणि यांचे कोण?"

चष्म्याकडे त्याचा हात गेला.

"माझा आहे," पाटावरून ती म्हणाली आणि खाली उतरली.

परिचारिकेनं दोन्ही वजनं शून्यावर आणली. पाट रिकामा होता, तरी दांडीचं टोक वर टेकलेलं होतं. छोटं वजन चारशे ग्रॅमपर्यंत सरकवलं तेव्हा कुठे दांडी आडवी झाली. वजनं परत शून्यावर नेऊन त्यानं टोकाचा सैल झालेला, शून्य जुळवायचा स्क्रू दाखवला, परिचारिकेनं तो स्वतःच्या हातानं फिरवला, आणि दांडी मधोमध येऊन थांबली. ती पुन्हा पाटावर चढली.

मोठं वजन सरकलं, मग छोटं. दांडी स्थिर झाली ती सत्त्याहत्तर किलो नऊशे ग्रॅमवर.