थकलेल्या बॅटरीचा आवाज

दुरुस्तीच्या दुकानाचं शटर तिने अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात कुणीतरी वाकून विचारलं, “बंद झालं का हो?”

“दिसतंय काय?” ती म्हणाली. सकाळपासून चार अँप्लिफायर उघडून मान आखडली होती, मागच्या खोलीत बाबांची जेवायची वेळ टळून गेली होती, आणि त्यात हे भर उन्हातलं गिऱ्हाईक! पण तो आत आला तो ओल्या रुमालात काहीतरी जपून धरून.

“विजेची वस्तू आणि ओला रुमाल? शाबास!”

“उन्हात आवाज बसतो हो ह्याचा,” तो ओशाळला. “गारव्यात बरं वाजतं.”

रुमालातून निघालं एक जुनं डिस्टॉर्शन पेडल. गिटारचा सरळ सूर पायाच्या एका दाबाने फाटका, घोगरा करणारी लोखंडी डबी. बाबांच्या हाताखाली शिकताना तिने असं पेडल एकदाच पाहिलं होतं. आता तसली पेडलं कुणी बनवत नाही. त्यातले जुने ट्रान्झिस्टर उन्हाने खरंच रुसतात. त्याचं काही चुकलं नव्हतं... पण तसं तिने सांगितलं नाही.

तो हॉटेलच्या लॉबीत गिटार वाजवायचा. बारा वर्षं. “कुणी मान वर केली की समजायचं, वेटरला शोधतायत.” पेडल एका संग्राहकाला द्यायचं कबूल झालं होतं आणि सोमवारपासून भावाच्या गोदामात नोकरी, दुसऱ्या गावी. “द्यायच्या आधी एकदा नीट ऐकायचंय. मग सुटलो.”

चार दिवस तो रोज आला. तिने गंजलेला स्विच काढला, सुटलेल्या तारा जोडल्या. त्याने टॉर्च धरला, नको तिथे.

“उजेड पेडलवर पाडायचा, माझ्यावर नाही.”

“सवय नाही हो... इतकं मन लावून काम करणारं माणूस बघायची.”

शुक्रवारी तो गिटार घेऊन आला. तिने नवी बॅटरी घातली आणि पेडल खणखणीत वाजलं. त्याने दोन तारा छेडल्या, थांबला.

“छान आहे. पण... हा तो आवाज नाही.”

ती जराशी हिरमुसली. मग काहीतरी सुचून तिने तारा तपासायचा आपला जुना मीटर उघडला, त्यातली संपत आलेली बॅटरी काढून पेडलला लावली. तो पुन्हा वाजवू लागला. आता सूर जाडसर झाला, घसा बसल्यासारखा, शेवटाला हळूच विरणारा. त्याचे डोळे भरून आले.

“बॅटरी थकली की हे गोड बोलतं,” ती म्हणाली.

“मग आपण दोघं तर अगदी मधाळ असायला हवं.”

“आरशात बघा एकदा.”

“बघतोय की,” तो तिच्याकडे बघत म्हणाला.

हातातच असलेला स्क्रू ती टेबलाखाली शोधू लागली.

सोमवारी ती दोन गिऱ्हाइकांवर उगाच खेकसली. आजारपणापासून बाबांना धड बोलता येत नव्हतं. ते नुसते तिच्याकडे बघत राहिले. आणि दुपारी तो दारात. हात रिकामे.

“गाडी चुकली?”

“गेलोच नाही. दादाला कळवलं, येत नाही म्हणून. भडकलाय.”

“आणि पेडल?”

“दिलं. शब्द दिला होता.”

“मग आता दुरुस्तीला काय आणलंत?”

“काही नाही... निमित्त संपलं. आता नुसतंच यावंसं वाटतं.”

तिने हातातली कात्री खाली ठेवली. “मी फार दमलेय हो. बाबांचं सगळं मीच बघते. फिरायला जाणं, गुलूगुलू बोलणं... माझ्याच्याने व्हायचं नाही.”

“मीही दमलोय,” तो म्हणाला. “दमलेल्या माणसांना जमेल तेवढंच करू.”

तिने बाकावरची खोकी बाजूला सारली.

“बस.”

‘बसा’ नाही... ‘बस’. दोघांनीही ते ऐकलं.

तो शेजारी बसला. दहा मिनिटांत त्याची मान कलली आणि तिच्या खांद्यावर टेकली. गाढ झोपला होता.

तिच्या खांद्याला मुंग्या आल्या. दारात कुणीतरी बिघडलेला अँप्लिफायर घेऊन उभं राहिलं, तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवलं आणि हातानेच खुणावलं — नंतर या.