चौसष्ट अक्षरांच्या पुढे

पहिल्या भेटीत मुलगा मुलीला नाव विचारतो, फार तर खुर्ची पुढे करतो. हा मात्र सरळ ओरडलाच, "हलू नका! कशालाही हात लावू नका!"

ती जागच्या जागी थिजली. मीटिंगची खोली समजून तिनं ऑफिसच्या तळमजल्यावरच्या कार्यशाळेचं दार उघडलं होतं. टेबलावर सर्किटचे हिरवेगार बोर्ड मांडलेले, भिंगाखाली दिवा. तो उठला, तिचं मनगट धरलं आणि त्यावर एक काळा पट्टा बांधला. पट्ट्याची वायर टेबलाला जोडलेली होती.

"अंगात वीज साठते," तो म्हणाला. "तुम्ही नुसतं बोट लावलंत तरी चिप मरते."

"अगं बाई! एवढी घातक आहे मी?"

"आहात की..." असं म्हणाला खरा, आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

तिला ऑफिसात सगळे कुलूपवाली म्हणत, कारण कामच तसं होतं. दवाखान्यात खाटेशेजारी थेंबाथेंबानं औषध सोडणारं यंत्र त्यांची कंपनी बनवायची. त्या यंत्राच्या कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, तिला पहारेकरी बसवायचा होता. यंत्र सुरू होतानाच चिपनं तपासायचं, आत आलेला कर्नल आपल्याच घरचा आहे ना? परका असेल तर यंत्र उठणारच नाही. त्यासाठी कंपनीच्या डिजिटल किल्लीचा ठसा चिपमध्ये कायमचा जाळायचा, म्हणजे कोरायचा असतो. चौसष्ट अक्षरं आणि आकडे. एकदा जाळले की ब्रह्मदेव आला तरी पुसता येत नाहीत, आणि चुकीचे जाळले तर बोर्ड मेलाच म्हणून समजा.

जाळायचं काम त्याचं. केसाएवढी तार जोडताना त्याचा हात कधी हलला नव्हता, म्हणून त्याला सर्जन म्हणत. त्याचा एक नेम होता. जाळण्याआधी त्यानं ठसा मोठ्यानं वाचायचा, आणि तिनं पडद्यावर बघून प्रत्येक अक्षराला 'बरोबर' म्हणायचं.

"सात, एफ, शून्य..."

"बरोबर, बरोबर, बरोबर."

"तीन, बी, चहा..."

"चहा यादीत नाहीये!"

"मग घाला की यादीत."

हसू दाबता दाबता तिच्या नाकी नऊ आले. पण तो पहिला बोर्ड उठलाच नाही. आठवड्यानं दुसराही गेला.

साहेबांनी सर्जनला सगळ्यांसमोर झापलं. "हात थरथरला असेल तुमचा! आता एकच बोर्ड उरलाय, नवे यायला तीन महिने. हा गेला, तर तुम्हीही घरी."

तो दिवसभर आपल्या हातांकडे बघत बसला. "असू दे रे, होतं असं," ती म्हणाली. त्या दिवशी दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर आली, आणि पुढचे दोन आठवडे ती रोज खाली जाऊन त्याची समजूत काढत राहिली.

तिसरा बोर्ड जाळायचा त्या सकाळी ती घरी ताईसमोर चहा पीत चिपचं माहितीपुस्तक चाळत होती. एका पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या: ठसा आठ-आठच्या गटांत द्यावा, प्रत्येक गटातल्या दोन-दोन अक्षरांच्या जोड्या उलट क्रमानं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं सरळ क्रमानं दिल्या होत्या. दोन्ही वेळा! वाचणारा आणि तपासणारी, दोघंही तिनंच बनवलेल्या फायलीवर विसंबलेली. पकडणार कोण?

"काय गं, भूत बघितलंस?" ताईनं विचारलं.

"ताई, चोर सोडून संन्याशाला फाशी झालीये."

"आणि चोर कोण?"

ती चपला शोधू लागली.

ऑफिसच्या जिन्यात ती थबकली. फाईल गुपचूप दुरुस्त केली तर? बोर्ड उठेल, त्याची नोकरी वाचेल, कुणाला पत्ताही लागणार नाही. आणि खरं सांगितलं तर तिची नोकरी जाईल. ती एक वेळ जाऊ दे... पण तो? दोन आठवडे जी त्याचे डोळे पुसत होती, तिनंच रडवलं होतं, हे कळल्यावर तो तोंड तरी बघेल का? वर आपल्या जागेवर जाऊन तिनं फाईल दुरुस्त केली आणि मनाशी ठरवलं, गप्प बसायचं.

खाली साहेब घड्याळ बघत उभे होते. सर्जन तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बटण तू दाब. माझ्या हाताचा भरवसा नाही आता."

तिनं पाहिलं. त्याची बोटं खरंच थरथरत होती.

"तुझा हात तेव्हा हलला नव्हता," ती बोलून गेली. साहेबांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "ठसा मीच चुकीच्या क्रमानं दिला होता. दोन्ही बोर्ड मी मारले."

मग साहेब म्हणाले, "हा उठू दे. नाही उठला तर दोघंही बॅगा भरा."

त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. तिच्या मनगटाला पट्टा बांधला, जरा जास्तच घट्ट. "वाचतोय. बघा."

ते 'बघा' तिच्या काळजात रुतलं. चौसष्ट वेळा ती 'बरोबर' म्हणाली, आणि मधे एकदाही चहा आला नाही. मग त्यानं बटणावर बोट ठेवलं. ते बोट स्थिर होतं. दाबलं.

पडदा काळा. एक... दोन... तिनं डोळे घट्ट मिटले. सहा... सात...

"उठला!" साहेब जवळजवळ किंचाळले. पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर उतरत होत्या. दाराशी जाऊन ते वळले, "मेलेल्या दोन बोर्डांचं लेखी द्या मला, बाई. आणि पुढच्या वेळी पुस्तक आधी वाचा." मग गेले.

ती पट्टा सोडू लागली. "येते मी."

"थांब. वाचून संपलं नाही अजून."

"चौसष्ट झाली की..."

"पुढचं आहे." तो अजूनही पडद्याकडेच बघत होता. "मला तुझा राग आलाय. आठवडाभर तरी राहील. पण साहेबांसमोर तू बोललीस आणि माझा हात मला परत मिळाला. आणि... तू मला आवडतेस. त्या दारात थिजून उभी होतीस ना, तेव्हापासून."

सवयीनं तिनं पडद्यावर बघितलं. तिथं असलं काही लिहिलेलं नव्हतं. हेही एकदा बोललं की पुसता येणार नव्हतं.

"बरोबर," ती म्हणाली.