कौल मिळायच्या आत

ज्याच्या उत्तराची झाशीत महिनाभर वाट पाहिली, तो कोकणातल्या एका जुन्या धक्क्यावर गळ टाकून बसलेला दिसला, तेव्हा मला आधी पळावंसंच वाटलं. पण धक्का म्हणजे पाण्यात शिरलेली लांब दगडी वाट... पळणार कुठे? मागे कुल्फीवाल्यापाशी माझी मैत्रीण ऋचा, पुढे समुद्र, आणि मध्ये केयूर.

"तन्वी जी? तुम्ही... यहाँ?"

"मैत्रिणीला धक्का बघायचा होता. इंग्रजांच्या वेळचा आहे म्हणे." त्याचं गाव इथे जवळच आहे हे मला ठाऊक होतं — ते मात्र मी गिळलं.

महिन्यापूर्वी तो आईवडिलांबरोबर आमच्या सीपरी बाज़ारच्या घरी मला बघायला आला होता. गॅलरीत आम्ही दोघं चहा गार होईपर्यंत बोललो, हसलो. जाताना त्याची आई म्हणाली, "विचार करून कळवतो." तो गप्प. मग एक फोनसुद्धा नाही! मला राग आला होता की रडू, तेच कळत नव्हतं. अजूनही कळत नव्हतं.

तेवढ्यात त्याने गळ वर ओढला आणि वाऱ्याने माझी ओढणी उडून त्यात अडकली. तो ती सोडवायला लागला — फारच सावकाश.

"काही लागलं का गळाला?"

"सुबह से? ही ओढणीच."

मला हसू आलं. मग हसल्याचा राग आला.

"आणि तुम्ही इथे कसे?"

"आई देवळात कौल लावून बसलीय. आपल्या लग्नाचा." तो खाली बघत म्हणाला. "देवीला दोन कळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे त्याशिवाय काही ठरत नाही. मला सुट्टीच आत्ता मिळाली, म्हणून महिना गेला."

"मग? कुठली पडली?"

"एकही नाही. देवी भी कन्फ्यूज़ है."

"डावी पडली तर?"

"तर आईला मनवेन. माझं तर त्याच दिवशी गॅलरीत ठरलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"डर लगा, यार... उगाच तुम्हाला आस लावायची, आणि नंतर नाही म्हणायचं?"

"वा! देवीला विचारलं, आईला विचारलं. मला कुणी विचारलं?"

त्याने गळ खाली ठेवला. "मी विचारतोय. अभी."

त्याचा राग येत होता, तो आवडतही होता, आणि दोन्ही एकदम कसं होतं ते मला उमगेना. एवढ्यात त्याचा फोन वाजला. आईचा.

त्याचा हात खिशाकडे गेला... मी तो धरला.

"थांबा. कळी कुठलीही पडू दे, माझं आधी ऐका."

"बोला ना..."

"हो."

फोन वाजतच होता. केयूर बावळटासारखा माझ्याकडे बघत होता.

"आता उचला," मी म्हटलं — पण त्याचा हात काही सोडला नाही.