सदस्य क्रमांक दोन

पडद्यावर प्रश्न आला होता : ‘सदस्य क्रमांक दोन काढायचा आहे. त्याचं लेखन पुसायचं, की दुसऱ्या कुणाच्या नावावर करायचं?’

सदस्य क्रमांक दोन म्हणजे माझी पत्नी कुमुद. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

कुमुद देवगडला शाळेत शिकवायची. मुलं शंखशिंपल्यांबद्दल काहीबाही विचारायची आणि ती वेबसाइटवर उत्तरं लिहायची. त्या वेबसाइटचा जुना सर्व्हर (वेबसाइट ठेवलेली असते तो सतत चालू राहणारा संगणक) आज संध्याकाळी कायमचा बंद होणार होता. नवा सर्व्हर समुद्राच्या तळाशी होता. तिथलं थंड पाणीच त्याला गार ठेवतं, पंखे लागत नाहीत. माझी नात शर्वी आणि घरातला यंत्रमानव खटपट्या सकाळपासून सगळं तिकडे हलवत होते.

“आबा, काहीतरी दाबा ना,” शर्वी म्हणाली.

“काय दाबू? तिचं लिहिलेलं पुसू? की माझ्या नावावर करू? मला तर शंख कुठला आणि शिंपला कुठला, तेही तिला विचारावं लागायचं.”

“काहीच दाबलं नाही, तर नवा सर्व्हर वेबसाइट घेणार नाही,” खटपट्या म्हणाला. “बाईंच्या खात्यात कुणीतरी शिरायला बघतंय. परवलीचा शब्द (खातं उघडायचा गुप्त शब्द) ओळखायला एकामागून एक शब्द टाकून पाहतंय. खातं वापरात नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. असं धोक्यातलं खातं नव्या सर्व्हरच्या नियमात बसत नाही.”

“मला माहीत आहे तो शब्द,” शर्वी म्हणाली. “आबांचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. आजी एवढी हुशार, आणि हा शब्द!”

मला हे माहीत नव्हतं.

शर्वी पडद्याकडे बघत राहिली. “खटपट्या, मी आजीचं पान उघडते, ते पान ठेवलेलं कुठे असतं?”

“कुठेच नाही.”

“कुठेच नाही कसं? मला दिसतं की!”

“आपण सकाळी नव्या जागी आधी काय बसवलं?”

“आशय व्यवस्थापन प्रणाली,” शर्वीने घोकल्यासारखं म्हटलं. (वेबसाइटवर लिहिणं, बदलणं, मांडणं सोपं करणारं तयार सॉफ्टवेअर.)

“तू पान मागितलंस की ती ते त्याच क्षणी तयार करते. विदागारात (माहितीचे तक्ते ठेवायच्या जागेत) एक लेखांचा तक्ता आहे. त्यातून ती उत्तर उचलते. तिथे लेखिकेचं नाव नसतं, नुसता आकडा असतो : दोन. मग ती सदस्यांच्या तक्त्यात जाऊन दोन म्हणजे कोण ते बघते. तिथे बाईंचं नाव, परवलीचा शब्द आणि भूमिका (काय काय करायची परवानगी आहे ते) असं सगळं असतं.”

“एकाच ओळीत?”

“एकाच ओळीत, पण वेगवेगळ्या रकान्यांत.”

“मग आख्खी ओळ कशाला काढतोस रे? चोराला किल्ली हवीय, नाव नकोय! किल्ली बदल, परवानगी काढून घे. नाव राहू दे!”

खटपट्याने नियम तपासले. “नियमात बसतं.”

“बसतं म्हणे! आबांना घाम फोडलास त्याचं काय?”

संध्याकाळच्या आत वेबसाइट समुद्राखाली पोचली. शर्वीने एक पान उघडलं. खाली होतं : ‘लेखिका – कुमुद परुळेकर’. मी ते नाव पुन्हा वाचलं.

“म्हणजे आता हे आजीच्या नावाने कुणालाच बदलता येणार नाही,” शर्वी म्हणाली. “पण आबा, इथे एक चूक आहे. आपल्या बाजूच्या कातळावर जिवंत कवडी मिळत नाही, असं लिहिलंय तिने. मी रविवारी ओहोटीला पाहिली. फोटो आहे माझ्याकडे.”

“बाईंचं वाक्य दुरुस्त करू?” खटपट्याने मला विचारलं.

“नको. तिचं तिथेच राहू दे. शर्वीला स्वतःचं खातं काढून दे, ती खाली लिहील. वर्गात कुणी कुमुदची चूक काढली, तर ती त्यालाच फळ्यापाशी उभं करून सगळ्यांना सांगायला लावायची.”

खटपट्याने सदस्यांच्या तक्त्यात नवी ओळ जोडली. शर्वी खुर्ची पुढे ओढून लिहायला बसली :

‘कवडी मिळते. पण सहज दिसत नाही. दगड उलटून बघावा लागतो, आणि बघून झालं की तो होता तसा पुन्हा ठेवायचा.’