खाली सोय आहे

सुट्टी लागून आठ दिवस झाले तरी खोपटच्या मधुगंधा सोसायटीतल्या गुप्तहेर पथकाला एकही गुन्हा सापडला नव्हता. पथकात तिघंच होते. ऋजुता आठवीत गेलेली, म्हणून ती प्रमुख. शेजारचा आर्यन तिच्याच वर्गातला, पण त्याच्याकडे मोबाईल, म्हणून तो छायाचित्रकार. आणि ऋजुताचा धाकटा भाऊ हर्षित, ज्याला वगळलं की तो सगळं आईला जाऊन सांगायचा, म्हणून तो सभासद.

पहिली खरी गोष्ट हर्षितलाच दिसली.

"रंभामावशी पाणी पीत नाहीत," तो म्हणाला. "कधीच. काल आईने कोकम सरबत दिलं तर म्हणाल्या, उपास आहे. परवा पण उपासच होता. त्याच्या आदल्या दिवशी पण."

कोकम सरबत उपासाला चालतं, हे पथकप्रमुखांच्या लगेच लक्षात आलं.

रंभामावशी चार वर्षं त्यांच्याकडे केर-लादी आणि भांडी करत होत्या. सकाळी आठला यायच्या, इमारतीतली पाच घरं उरकून तीनला जायच्या. मे महिन्याच्या उकाड्यात सगळा माठ आपणच संपवावा असं वाटायचं आणि ही बाई थेंब घेत नव्हती! त्यात आर्यनने भर घातली. मावशी रोज बाराच्या सुमारास कापडी पिशवी घेऊन फाटकाबाहेर जातात आणि अर्ध्या तासाने परततात, असं त्याने पाहिलं होतं. कुठे जातात ते मात्र कळेना, कारण मोठा रस्ता एकट्याने ओलांडायला तिघांनाही बंदी होती. तपास फाटकापाशी येऊन थांबायचा. पण वहीत सगळं वेळेसकट उतरत होतं. 'सोमवार, १२.०५, पिशवी घेऊन बाहेर. १२.४० परत. चेहरा गंभीर.' चेहरा गंभीर, ही हर्षितची भर.

चौथ्या दिवशी ती वही वॉचमन जगनकाकांच्या टेबलावर राहिली आणि सेक्रेटरी प्रशांतकाकांच्या हाती लागली. नेमकं त्याच आठवड्यात सहाव्या मजल्यावर कुणाचं तरी चांदीचं निरांजन सापडत नव्हतं. प्रशांतकाकांनी पानांचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आपली मुलं जागरूक आहेत. मोठ्यांनीही व्हावं.' त्यावर बावीस अंगठे आले, त्यात ऋजुताच्या आईचाही होता. लपवण्यात अर्थ नाही, त्या संध्याकाळी आपले तिन्ही गुप्तहेर फुशारकी मारत इमारतभर हिंडले.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मावशींना फाटकापाशी पिशवी उघडायला लावली. डोंगर पोखरून उंदीरही निघाला नाही. साबणाची डबी, जुना टॉवेल आणि पाण्याची रिकामी बाटली, एवढंच निघालं. रोज जाता तरी कुठे, असं प्रशांतकाकांनी दोनदा विचारलं. समोर पाच पुरुष उभे होते. मावशींनी वस्तू परत पिशवीत भरायला घेतल्या. भरताना त्यांना जगनकाकांच्या टेबलावरची उघडी वही दिसली. ऋजुताचं अक्षर त्या ओळखायच्या. तिच्या टेबलाखालचा केर काढताना रोज बघायच्या. त्यांनी वहीकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या ऋजुताकडे पाहिलं आणि निघून गेल्या. रविवारच्या मीटिंगमध्ये निर्णय होईपर्यंत त्यांनी कामावर येऊ नये असं ठरलं. एका दुपारीत पाच घरं गेली. निरांजन संध्याकाळी देवघरातच वातींच्या डब्यामागे मिळालं, पण ते कुणी ग्रुपवर टाकलं नाही.

"आपण फक्त लिहिलेलं ना," आर्यन म्हणाला. "चोर थोडीच बोललेलो आपण?"

"अर्धंच लिहिलेलं," ऋजुता म्हणाली. "उरलेलं आता शोधायचं."

मावशी एसटी डेपोच्या दिशेने वळायच्या, एवढं जगनकाकांना माहीत होतं. तिघांनी एकमेकांचे हात घट्ट धरून पहिल्यांदाच तो रस्ता ओलांडला. डेपोच्या अलीकडे एक सार्वजनिक शौचालय होतं आणि दारात टेबल टाकून गंगुबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. रंभाचं नाव काढताच त्यांनी ओळखलं. रोज बारा-सव्वाबाराला यायची, म्हणाल्या. त्या भागातल्या बिल्डिंगांमधल्या आणखी सात-आठ जणी येतात. मग त्या पाणी का पीत नाहीत, असं हर्षितने विचारलं.

"प्यायली तर परत यावं लागंल ना, बाळा. हातातली कामं टाकून येवढ्या लांब कोण येणार?"

"पण आमच्या घरी दोन बाथरूम आहेत," हर्षित म्हणाला.

गंगुबाई टेबलावरची चिल्लर मोजू लागल्या.

घरी आल्यावर ऋजुताने आईला सरळ विचारलं. आई म्हणाली, "अगं, त्यांच्यासाठी खाली सोय आहे ना." आर्यनची आईही अगदी हेच म्हणाली. बाकीच्या तीन घरांतही हेच उत्तर मिळालं. ती सोय बघायला खाली कोण गेलं होतं, तर कुणीच नाही. सोय पंपाच्या खोलीमागे होती, हिरव्या दाराआड, गंजक्या कुलपात. हर्षितला खांद्यावर घेऊन आर्यनने झरोक्यातून फोटो काढायला लावले. आत घडीच्या खुर्च्या रचलेल्या होत्या आणि संडासाच्या भांड्यावर सत्यनारायणाच्या पूजेचे पाट ठेवले होते.

"सहा वर्षं झाली," जगनकाका हळूच म्हणाले. "किल्ली सेक्रेटरी साहेबांकडे. मी जातो मागे भिंतीकडे. बायका काय करतात, मी पण कधी विचारलं नाही."

रविवारी मीटिंगमध्ये प्रशांतकाकांनी मोठ्या कौतुकाने गुप्तहेरांना पुढे बोलावलं. ऋजुताने वही उघडली आणि उरलेली पानं वाचून दाखवली. मग म्हणाली, "खाली सोय आहे, असं ज्यांनी ज्यांनी सांगितलंय त्यांनी हात वर करा." सगळ्यात आधी आईचा हात वर गेला. आईची मान खाली होती. मागोमाग आणखी हात आले. तेवढ्यात आर्यनने फोटो ग्रुपवर टाकला आणि सभागृहातले सगळे फोन एकदम वाजले.

प्रशांतकाकांनी खिशातून किल्ली काढली. खरं तर त्यांच्याकडे कुणी मागितलीही नव्हती. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली, नळ सुरू झाला, आतून कडी बसली. मुलांच्या पाठी थोपटल्या गेल्या. शाबास, आमचे डोळे उघडलेत, असं काय काय बोलून झालं. ऋजुताला ते ऐकवेना. हीच माणसं चार दिवसांपूर्वीही शाबासच म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी आई दोघा मुलांना घेऊन मावशींच्या चाळीत गेली. तिने त्यांची माफी मागितली.

"दार उघडलंत ते बरं केलंत, ताई," मावशी म्हणाल्या. "बाकीच्या जणींना होईल. मी नाय येणार. पिशवी सगळ्यांसमोर उघडली माझी."

"मावशी, आम्हाला माहीत नव्हतं," ऋजुता म्हणाली.

"मग विचारायचंस ना, बाळा. तुला सांगितलं असतं."

त्यांनी तिघांनाही पाणी दिलं. उन्हातून आलेल्या हर्षितने दोन पेले संपवले आणि थोड्या वेळाने चुळबुळ करत बहिणीच्या कानाशी लागला. ऋजुताने मान खाली घातली. विचारायचं कसं, तिला कळेना.

मावशींनी दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली काढली, बादली भरून हर्षितच्या हातात दिली. "कोपऱ्यातलं निळं दार. चार घरांचं आहे, पण साफ असतं. जा."

ऋजुता त्याच्याबरोबर गेली आणि दाराबाहेर उभी राहिली. परत आल्यावर तिने ती किल्ली हातात घेऊन थोडा वेळ पाहिली आणि खिळ्यावर नीट अडकवून ठेवली.