ओसुग्यावरचा मावा

“हात लावू नकोस, हरीश! आधी आत काय आहे ते बघू दे!” मंजिरीने धाकट्या भावास खडसावले.

सन १९९१ च्या ऑगस्टमधील सुट्टी. लीड्सच्या अलॉटमेंटवर, म्हणजे कौन्सिलच्या भाड्याच्या मळ्यात, शेडमागे जॅमची एक बरणी लपविलेली होती. साबणाच्या पाण्यात नारिंगी ठिपक्यांच्या काळ्या अळ्या मरून पडल्या होत्या!

शेजारचा वाफा केनियाच्या अचिएंग आजींचा, ओसुगा या त्यांच्या गावाकडच्या कडवट पालेभाजीचा. त्या इस्पितळात अंथरुणास खिळल्या होत्या. “माझ्या गावची ओसुग्याची भाजी एकदा खायची आहे,” एवढीच त्यांची अंतिम इच्छा! मुले नित्यनेमाने पाणी घालीत. परंतु कोवळ्या पानांवर रस शोषणाऱ्या किड्यांचा काळा मावा दिवसेंदिवस वाढतच होता.

हरीश लायब्ररीतून पुस्तक घेऊन धावत आला.

“ताई, लुक! सेम अळी! हे बेबी लेडीबर्ड आहे. मावा खातो तो!”

“खातो नाही, खाते. म्हणजे आपल्याच आर्मीला कुणी मारतंय!”

दुसऱ्या दिवशी प्रभाती दोघे पाण्याच्या पिंपामागे दबा धरून बसले. हातात चिमटा घेऊन अवतरले कोण? शेजारचे डॉक्टर पद्माकरकाका!

“काका, कॉट यू!”

“अरे, ओरडता काय! आजींच्या भाजीवरच्या अळ्या वेचतोय. सांगलीला आई मेथी निवडताना एकही अळी सोडायची नाही.”

“अहो काका, त्याच तर मावा खातात!” मंजिरीने पुस्तक पुढे केले.

काकांनी चिमटा खाली ठेवला. “दोन आठवडे रोज वेचतोय गं मी...”

त्याच दिवशी तिघांनी कुंपणालगतच्या खाजकुइलीसारख्या झोंबणाऱ्या झुडपांवरून जिवंत अळ्या कागदावर अलगद उतरवून वाफ्यात सोडल्या. आठ दिवसांनी ओंजळभर पाने निर्मळ झाली. काकांच्या पत्नी रेखाकाकूंनी आजींच्या सांगण्याप्रमाणे ती दूध घालून शिजविली.

इस्पितळात आजींना एकच घास गिळता आला. त्यांनी डोळे मिटून तो बराच वेळ तोंडात घोळविला.

“शाब्बास, मुलांनो! अगदी आमच्या घरचीच चव,” त्या क्षीण स्वरात इंग्रजीत म्हणाल्या. “उरलेली तुम्ही खा.”

बाहेर बाकावर तिघांनी ती कडू भाजी संपविली.

“पोरांनो, तुम्ही माझ्याहून हुशार निघालात,” काका म्हणाले, आणि चष्मा पुसत पुटपुटले, “मी त्या अळ्या वेचल्या नसत्या तर... दोन आठवड्यांपूर्वी आजी ताटभर जेवत होत्या रे.”